भैरू मेस्त्रीचा आवाज

‘दूरचं अंगण’ बंद होणार, ही आवई गेल्या काही वर्षांत इतक्यांदा उठली होती की मंजुश्रीनं तिच्याकडं लक्ष देणंच सोडलं होतं. पण या खेपेला स्वरूपनं स्वतः फोन करून तिला निपाणीला बोलावून घेतलं, तेव्हा मात्र ती आवई तिला खरी वाटली. स्वरूप असा कधी बोलावत नसे. ‘येशील तेव्हा ये,’ एवढंच म्हणायची त्याची रीत. आज म्हणाला, “उद्या सकाळीच ये. आणि घरात कुणाला काय बोलू नको.”

ही मालिका दोघांनी मिळून उभी केलेली. बेळगावच्या कॉलेजात दोघं एका वर्गात होती. ती शहापूरच्या मागवाल्यांची, साड्या विणणाऱ्या घरातली पोरगी, तो निपाणीच्या तंबाखूवाल्यांचा पोरगा. कँटीनमध्ये बसून त्यांनी एक यान रचलं. पृथ्वी सोडून एका लांबच्या ताऱ्याकडं निघालेलं, पिढ्यान् पिढ्या चालत राहणारं. त्यातच माणसं जन्मणार, लग्नं करणार, भांडणार, म्हातारी होणार. यानाचं नाव काय ठेवायचं म्हणून स्वरूप इंग्रजी नावं शोधत बसलेला, आणि मंजुश्री म्हणाली, “मलप्रभा ठेव की. आपल्या कणकुंबीतनं निघून ती नदी बी कुठं कुठं जातीया.” तेच नाव राहिलं.

मुंबईच्या चॅनलनं रविवार सकाळची रिकामी वेळ भरायला म्हणून मालिका घेतली. दोन-चार महिन्यांत गुंडाळू, असा त्यांचा हिशेब. पण ती चालली, आणि चालतच राहिली. पहिले भाग आईच्या मांडीवर बसून बघितलेली पोरं आता आपल्या पोरांना घेऊन बघू लागली. चित्रण व्हायचं निपाणीबाहेर, स्वरूपच्या मामाच्या तंबाखूच्या जुन्या वखारीत. वखारीतनं तंबाखू गेली तरी वास गेला नाही. अवकाशात निघालेली माणसं शिरस्त्राणाच्या आत शिंकायची आणि अख्खं चित्रण थांबायचं. त्यांच्या अंगावरचं चंदेरी कापड मंजुश्रीच्या भावाच्या मागावर विणलेलं, साडीच्या जरीचंच. जवळून बघितलं तर पदराची किनार ओळखू यायची.

आणि मग भैरू मेस्त्री.

मष्णू गुरव मुळात अभिनय करायला आलेच नव्हते. जांबोटीच्या पलीकडच्या वाडीत त्यांचं घर. गावच्या जत्रेतल्या नाटकात दर वर्षी काम करणारा आणि एरवी सुतारकी करणारा माणूस. वखारीत यानाच्या भिंती ठोकायला आले होते. एक दिवस यंत्र दुरुस्त करणाऱ्या भैरू मेस्त्रीचं काम करणारा नट कोल्हापूरहून आलाच नाही. स्वरूपनं मष्णूंना चंदेरी कपडे चढवले आणि म्हटलं, दोन वाक्यं बोला. यान मोडलंय, कप्तान हात टेकून बसलाय. मष्णूंनी कागदावरची दोन वाक्यं बाजूला ठेवली आणि पान्हा उचलून म्हणाले, “न्हाय जमत म्हटल्यावरच तर मेस्त्रीला बलावत्यात, सायब. सरका जरा.”

त्या रविवारनंतर भैरू मेस्त्री मालिकेतनं गेला नाही. त्याची सगळी वाक्यं मंजुश्री लिहायची. लिहायची म्हणजे काय, मष्णूआण्णांचा आवाज तिच्या कानात बोलायचा आणि ती उतरवून घ्यायची. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लजपर्यंत लोक हरखून गेले. टीव्हीवर आपलं ‘व्हय’ आणि ‘लई’ फक्त चोरांच्या आणि गड्यांच्या तोंडी ऐकायची सवय झालेली माणसं. इथं आपल्या बोलीतला माणूस तारे ओलांडून चाललेला, आणि सगळं यान त्याच्या हातावर विसंबलेलं. पहिल्या वर्षी चॅनलनं हरकत घेतली होती. ‘भाषा शुद्ध करा, नाहीतर ते पात्र काढा.’ तेव्हा स्वरूप मुंबईला गेला आणि सांगून आला की मेस्त्री असाच बोलेल, नाहीतर तुमची मालिका तुम्हाला ठेवा. ही गोष्ट मंजुश्री कुणालाही अभिमानानं सांगायची. स्वरूपवरचा तिचा विश्वास त्या एका गोष्टीवर उभा होता.

त्या सकाळी ती निपाणीला पोचली तेव्हा स्वरूप वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. आत यानात अंधार.

“बंद होतंय ते खरं,” तो म्हणाला. “पण चॅनलवरचं बंद होतंय. मालिका न्हाय.”

“म्हणजे काय रे?”

“मोबाइलवर दाखवणारी एक मोठी कंपनी आहे. त्यांनी घेतलंय. सगळं नव्यानं करणार, सेट हैदराबादला. पण मलप्रभा तीच. लिहिणारी तूच. पहिले पाच भाग तू आत्ताच काढायला घे.”

मंजुश्रीला एकदम हलकं वाटलं. तिनं विचारलं, “आणि आण्णा?”

“आण्णांशिवाय कसं व्हईल गं? पहिला विषय त्यांचाच निघाला.” स्वरूप खुर्ची ओढून जवळ आला. “एकच आहे. आण्णा सत्तरीच्या पुढं गेले. उद्या घसा बसला, अंथरूण धरलं, तर? कंपनी म्हणतीया, त्यांच्या आवाजाचा साठा करून ठेवूया. जपणूक म्हण. मी सांगितलं तर ते शंभर शंका काढतील. तू सांग. तुझं ऐकतात.”

“सांगतो की. त्यात काय एवढं,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती जांबोटीला गेली. पुढं बस नव्हती. भाताच्या कडेकडेनं चालत वाडीवर पोचायला दुपार झाली. मष्णूआण्णा गोठ्याची फळी बदलत होते. त्यांच्या बायकोनं, मालुबाईंनी, तिला बघताच चूल फुंकली. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्ल्याशिवाय त्या घरात कुठलीच गोष्ट सुरू होत नसे.

जेवण झाल्यावर मष्णूआण्णा म्हणाले, “कोल्हापूरची नाटक कंपनी मागं लागलीया, बाळ. म्हाताऱ्या पाटलाचं काम हाय म्हणं. गावोगाव फिरायचं. मालिका बंद हुतीया आसं आयकलो, तवा म्हटलं व्हय म्हणावं का काय.”

“व्हय म्हणू नका, आण्णा,” मंजुश्री म्हणाली. “आपलं काम चालू राहतंय. मोठं होऊन चालू राहतंय. तुम्ही अडकलात तर भैरूचं काय करायचं आम्ही?”

मालुबाई चुलीकडनंच म्हणाल्या, “पक्कं हाय न्हवं? नायतर हातचं सोडून पळत्याच्या मागं व्हायचं.”

“स्वरूपनं मला सांगितलंय, काकू.”

मष्णूआण्णांनी तिच्याच फोनवरनं कोल्हापूरला नकार कळवला. मग मंजुश्रीनं आवाजाच्या साठ्याचं सांगितलं. ते थोडा वेळ विळ्याच्या मुठीवरनं बोट फिरवत बसले.

“आवाज साठवायचा म्हंजे लोणच्यागत?”

“तसंच समजा.”

“बरं. तू म्हणतीस तर येतो.”

वखारीत गाद्या उभ्या लावून एक खोली केली होती. ध्वनिमुद्रणाला अमृत. तोही जुनाच माणूस, पहिल्या वर्षापासूनचा. सुरुवातीला एक इंग्रजी कागद पुढं आला. मष्णूआण्णांनी मंजुश्रीला विचारलं, “काय लिवलंय?” तिनं वरवर नजर टाकली आणि स्वरूपनं सांगितलं होतं तेच सांगितलं. “आवाज जपून ठेवायला तुमची परवानगी.” त्यांनी सही केली.

मग कित्येक दिवस ते बोलत राहिले. वाक्यांना ना आगा ना पिछा. दार उघडा. मला तहान लागली आहे. तुम्ही कोण? आकडे, रंग, गावांची नावं. मग हसून दाखवा, खोकून दाखवा, रागानं बोला, रडत बोला. रडायच्या वेळी ते खरंच रडले. थोरला भाऊ गेला तो दिवस आठवला, म्हणाले. एका दुपारी कंपनीकडनं आलेल्या पोरीनं सांगितलं, “आता मरणाच्या दारात असल्यासारखं बोला.” मष्णूआण्णा कागदावरनं नजर उचलून म्हणाले, “आन् मेल्यावर काय बोलायचं, त्ये बी लिवलंय काय?”

सगळे हसले. मंजुश्रीही हसली.

संध्याकाळी वायरी गुंडाळताना अमृत तिच्याजवळ येऊन हळू म्हणाला, “आक्का, जपून ठेवायला इतकं लागतंय?”

“कंपनी मोठी आहे रे. त्यांची रीत असेल.”

अमृतनं मान हलवली आणि वायरीची वेटोळी खांद्यावर टाकून गेला.

पुढचे महिने ती लिहीत बसली. मागांच्या खडखडाटात तिला लिहायची सवय होती. भैरू मेस्त्री आता म्हातारा झालाय, हात कापतात, आणि यानातल्या एका मुलीला तो आपली विद्या देतोय, असं तिनं घेतलं होतं. इतकं चांगलं आपण कधी लिहिलं नाही असं तिला वाटत होतं. पाचही भाग तिनं स्वरूपला पाठवले. “झकास,” एवढाच निरोप आला. मग त्याचे फोन कमी झाले. तिनं केला की, “मीटिंगमध्ये आहे, सांगतो.” काम वाढलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

दिवाळीनंतर बेळगावात मोठा कार्यक्रम ठरला. नव्या पर्वाची पहिली झलक पहिल्यांदा इथंच, मालिकेच्या घरच्या माणसांना दाखवायची. टिळकवाडीतलं सभागृह खच्चून भरलं. हुबळीपासून कोल्हापूरपर्यंतचे लोक आलेले, काही जण चंदेरी कपडे शिवून घालून आलेले. मष्णूआण्णा धुतलेलं धोतर आणि नवा पटका घालून पहिल्या रांगेत. एका बाजूला मालुबाई, दुसऱ्या बाजूला मंजुश्री. स्वरूप व्यासपीठावर होता. त्यानं वरनंच हात केला.

अंधार झाला. पडद्यावर मलप्रभा आली. काय देखणी दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक तरणाबांड, गोरा, कुठलासा उत्तरेकडचा नट पान्हा घेऊन वळला आणि बोलला, “काळजी करू नका. अशक्य असं काहीच नसतं.”

आवाज मष्णूआण्णांचा होता. तरुण केलेला, घासून पुसून लख्ख केलेला, पण त्यांचाच. ‘अ’ लांबवायची सवयसुद्धा त्यांची. मग तोच आवाज हिंदीत बोलला. मग कानडीत. मष्णूआण्णांची कानडी बाजारापुरती आणि हिंदी त्याहून कमी. पडद्यावर ते दोन्ही भाषा खळाळत्या पाण्यासारख्या बोलत होते. शेवटी भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हुंदका देऊन म्हणाला, “मला घरी जायचं आहे.” तो हुंदका मंजुश्रीनं ओळखला. थोरल्या भावाच्या आठवणीतला होता तो.

मष्णूआण्णा तिच्याकडं वाकले. आवाजात राग नव्हता. खरोखरच आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं त्यांनी विचारलं, “ह्ये मी कवा म्हटलो गं?”

तिनं मान खाली घातली.

“आवाज तुमचाच हाय,” मालुबाई पडद्याकडं बघत म्हणाल्या. “बोलतंय कोण?”

पडद्यावर नावं सरकत गेली. लेखकांच्या नावांत मंजुश्री नव्हती. मष्णू गुरव हे नाव कुठंच नव्हतं. दिवे लागले, आणि लोकांनी मष्णूआण्णांना गराडा घातला. अभिनंदन करू लागले, खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागले. “आण्णा, हिंदी काय फक्कड बोललासा.” ते प्रत्येकाला हात जोडत होते. त्यांना तिथनं बाहेर कसं काढावं ते मालुबाईंना कळत नव्हतं. मंजुश्री तेवढ्यात व्यासपीठामागच्या खोलीत शिरली होती.

स्वरूप पाण्याची बाटली उघडत होता. तिला बघून त्यानं दार लोटून घेतलं.

“मी सांगणारच होतो तुला.”

“कधी?”

“ऐकून घे. कंपनीला सगळ्या देशात चालणारी मालिका पाहिजे. आण्णा हिंदी कुठनं बोलणार? हैदराबादला उभं राहून चित्रण करणार? पण त्या आवाजाशिवाय भैरू न्हाय, हे त्यांना मीच पटवलं. म्हणून तर आवाज राहिला.”

“आवाज राहिला, माणूस गेला. आणि बोली पण गेली. तूच मुंबईला गेलतास ना रे बोलीसाठी भांडायला?”

“तेव्हा गमवायला काय होतं माझ्याकडं?” स्वरूप म्हणाला. हे त्यानं अगदी सहज सांगून टाकलं.

“माझे पाच भाग?”

“त्यांचे लेखक वेगळे आहेत. तुझ्यातलं थोडं घेतलंय. तुझ्या भागांमुळंच त्यांना मालिका कळली, हे मी सगळीकडं सांगतो.”

“मला आधी सांगितलं असतंस तर?”

“तर तू आण्णांना आणलं असतंस का?”

खोलीबाहेर कुणीतरी हसत होतं. मंजुश्रीला कळलं, की त्या सकाळी वखारीच्या दारात खुर्ची ओढून जवळ आला तेव्हाच त्यानं हे सगळं ठरवलं होतं. तिला लिहायला बसवलं तेही तिनं विश्वासानं जांबोटीला जावं म्हणून. बैलाला पेंडीचा वास दाखवून नेतात, तसं.

“मालिका जगली, मंजू,” स्वरूप म्हणाला. “तुला तेच पाहिजे होतं न्हवं?”

ती दार उघडून बाहेर आली. तोवर मष्णूआण्णा आणि मालुबाई जांबोटीच्या बसला निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती वाडीवर गेली. मालुबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली, “बस,” म्हणाल्या आणि पुन्हा भात पसरू लागल्या. चूल कुणी फुंकली नाही. मष्णूआण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मंजुश्रीनं त्यांना सगळं सांगितलं. स्वरूप काय म्हणाला, तिला काय ठाऊक होतं, काय नव्हतं, कागद तिनं नीट वाचला नव्हता तेही.

ऐकून झाल्यावर त्यांनी भिंतीची टेक सोडली.

“त्यो स्वरूप मोठा माणूस,” ते म्हणाले. “त्यानं केसानं गळा कापला तर कापला. त्येच्याकडनं माझं काय मागणं नव्हतं. पर मी सही केलो ती तुझ्या तोंडाकडं बघून, मंजुश्री.”

आजवर त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. ती ओसरीच्या कडेला बसून रडली. कुणी तिची समजूत काढली नाही.

“भरवशाच्या म्हशीला टोणगा,” मालुबाई भाताकडं बघत म्हणाल्या. “कोल्हापूरचं काम बी गेलं.”

“आण्णा, आपण यावर भांडूया,” मंजुश्री म्हणाली. “माझी मैत्रीण आहे अनगोळला, रूपाली. वकील आहे.”

“भांडून काय मिळतंय?”

“तुमचा आवाज.”

ते उठले आणि गोठ्याकडं गेले. तिथनंच म्हणाले, “मी कोर्टात बोलणार न्हाय. बोलायचं ते तू बोल.”

रूपालीनं कागद दोनदा वाचला. मंजुश्री टेबलाच्या पलीकडं हात मांडीवर ठेवून बसली होती.

“वाईट कागद आहे,” रूपाली म्हणाली. “पण सही करणाऱ्याला इंग्रजी येत नाही, आणि त्याला वेगळंच सांगितलं गेलं, हे दाखवता आलं तर जोर येईल. ते सांगणार कोण? सांगणारी तर तू आहेस. तुला लिहून द्यावं लागेल की मीच त्यांना आणलं, मीच कागदाचा अर्थ चुकीचा सांगितला. उद्या ते तुलाही ओढतील यात. आणि या धंद्यात तुला पुन्हा काम कोण देईल, याचा विचार कर.”

“केलाय.”

“स्वरूपचं नाव घ्यावं लागेल.”

“घेतो.”

अमृतला तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी तुम्हाला त्या दिवशी इचारलो होतो, आक्का. जास्त बोलायला पाहिजे होतं. येतो मी.” त्यानंही लिहून दिलं. कंपनीला नोटीस गेली. रूपालीनं ती स्वरूपलाही पाठवली.

त्याच संध्याकाळी स्वरूपचा फोन आला. मंजुश्री मागाच्या खोलीतनं बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिली.

“तू माझ्या पोटावर पाय आणलास,” तो म्हणाला.  “सगळ्या जगात मला एकच माणूस माझं वाटत होतं. तू असं करशील असं वाटलं नव्हतं.”

मंजुश्रीनं फोन कानापासून लांब धरला. त्याला खरंच तसं वाटत होतं. तो नाटक करत नव्हता. गळा त्यानंच कापला होता आणि रक्तही त्याला आपलंच वाटत होतं.  तिनं फोन बंद केला.

प्रकरण कोर्टात उभं राहिलंच नाही. कंपनीला गाजावाजा नको होता. त्यांच्या माणसांनी रूपालीशी बोलून मिटवून टाकलं. साठा पुसून टाकू, आवाज वापरणार नाही, तसं लिहून देऊ. त्यांनी दिलंही. मालिका मात्र ठरल्या दिवशी सुरू झाली. भैरू मेस्त्रीला दुसऱ्या कुणाचा तरी आवाज दिलेला. मालिका चालली. पहिल्याच महिन्यात दुसऱ्या पर्वाची घोषणाही झाली.

हे सांगायला मंजुश्री वाडीवर गेली तेव्हा मष्णूआण्णा नुसतं “बरं झालं,” म्हणाले. शेजारच्या घरातल्या पोरांकडं मोबाइलवर मालिका चालू होती. ते उठून तिकडं गेले आणि एक भाग सबंध बघून आले.

“त्यो बी बरा बोलतोय,” ते म्हणाले. “आता त्या यानात आपलं कायबी न्हाय. सुटलो.”

पण चेहरा सुटल्यासारखा दिसत नव्हता. इतकी वर्षं अंगावर वागवलेला माणूस कुणीतरी उतरवून नेला होता, आणि आपला आवाज परत मागितल्यामुळंच तो गेला होता. आवाज आणि भैरू, दोन्ही एकदम राहणं शक्यच नव्हतं. मालुबाईंनी त्या दिवशी चहा दिला. कोरा, गूळ घातलेला. मंजुश्रीनं तो प्यायला आणि जास्त वेळ न बसता निघाली.

रूपाली म्हणाली होती तसंच झालं. चॅनलवाल्यांनी मंजुश्रीला पुन्हा बोलावलं नाही. तिनं एका कानडी मालिकेच्या मराठी संवादांचं काम धरलं. सासू, सून, चोरलेला हार. भराभरा लिहून व्हायचं. कधी एखादं वाक्य त्या बोलीत, त्या आवाजात कानात येईल म्हणून ती थांबायची, आणि ऐकू यायचा तो पडद्यावरचा हुंदका. मग ती उठून मागाच्या खोलीत जाऊन भावाशी काहीतरी बोलत बसायची.

पावसाळ्यानंतर निपाणीत एका लग्नाला तिला जावं लागलं. वखारीसमोरनंच रस्ता होता. दार उघडं होतं, आत कुणी तरी पोती रचत होतं. मंडपात जेवणाच्या रांगेत ती उभी असताना स्वरूप समोर आला. हातात ताट, अंगात नवा झब्बा, थोडा जाड झालेला. तो क्षणभर अडखळला. मग पूर्वीसारखाच हसला.

“कशी आहेस?”

या माणसाला काय काय म्हणायचं ते तिनं कित्येक महिने मनात घोळवलं होतं. अंघोळ करताना, बसमध्ये, माग सुरू असताना. एक वाक्य तर इतकं धारदार होतं की तिला स्वतःलाच ते आवडलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

“बरी आहे,” ती म्हणाली.

“घरचे?”

“बरे आहेत.”

तो मान हलवून पुढं गेला, आणि कुणीतरी तिच्या ताटात भात वाढला. जेवून ती बेळगावच्या बसमध्ये बसली. यमकनमर्डी गेलं, काकती आली, तरी तिचा राग ओसरेना. तो स्वरूपवरचा नव्हता, किंवा फक्त त्याच्यावरचा नव्हता. समोर उभं राहून त्यानं विचारलं आणि आपण जुन्या सवयीनं, जुन्या माणसाला द्यावं तसं उत्तर दिलं, याचा तो राग होता.